छेद लहान, विश्रांती मोठी : पायाच्या अंगठ्याजवळची गाठ आणि तिची शस्त्रक्रिया



आरोग्याच्या पानावर रक्तदाब, साखर, अंगात रक्त कमी असणे यांविषयी आपण नेहमी बोलतो. पावलांविषयी फारसे बोलत नाही. चप्पल घातली की पाऊल झाकले जाते आणि त्याबरोबर दुखणेही झाकले जाते. विहारात चपला बाहेर काढून सगळ्याजणी बसल्या की मात्र नजर जाते. कुणाच्या ना कुणाच्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलेले असते आणि अंगठा शेजारच्या बोटाकडे कललेला असतो. विचारले तर उत्तर ठरलेले असते : “लई दिवसांपासनं हाय ओ सिस्टर. दुखतंय, पण चालतंय.”

अलीकडे या दुखण्यावरच्या शस्त्रक्रियेच्या जाहिराती मोबाईलवर दिसू लागल्या आहेत. ‘लहान छेद’, ‘व्रण नाही’, ‘त्याच दिवशी चालत घरी’ अशी त्यांची भाषा असते. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या भागांतल्या भगिनी ती चित्रे दाखवून विचारतात, “सिस्टर, करून घेऊ का?” त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हा लेख आहे.

उत्तर आधीच सांगते. ही शस्त्रक्रिया खरी आहे आणि योग्य रुग्णाला तिचा चांगला उपयोग होतो. पण छेद लहान म्हणजे शस्त्रक्रिया लहान असे नाही. आत हाड कापले जाते आणि कापलेले हाड जुळायला लागायचा तेवढा वेळ लागतोच. म्हणून ‘छेद किती मोठा?’ याच्याबरोबर ‘नंतरचे सहा आठवडे मला कोण सांभाळणार?’ हाही प्रश्न विचारला पाहिजे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर घरात मिळाल्याशिवाय तारीख घेऊ नये.

हे दुखणे म्हणजे काय?

इंग्रजीत या गाठीला ‘बनियन’ म्हणतात. आपल्याकडे बनियन म्हटले की अंगात घालायचा कपडा आठवतो, म्हणून केसपेपरवर तो शब्द दिसला तर गोंधळू नका. पुष्कळदा डॉक्टर ‘हॅलक्स व्हॅल्गस’ असे लिहितात. हॅलक्स म्हणजे पायाचा अंगठा आणि व्हॅल्गस म्हणजे बाहेरच्या दिशेला वळलेला.

पावलाच्या मधल्या भागात पाच लांब हाडे असतात. अंगठ्याच्या मागचे हाड त्यांत सर्वांत जाड असते. चालताना टाच उचलून शरीर पुढे ढकलतो, तेव्हा मोठा भार या हाडावर आणि अंगठ्याच्या सांध्यावर येतो. या दुखण्यात ते लांब हाड हळूहळू दुसऱ्या पायाच्या दिशेने सरकते आणि अंगठा उलट्या बाजूला, म्हणजे शेजारच्या बोटाकडे वळतो. दोघांच्या मध्ये कोपरा तयार होतो. तो कोपरा म्हणजेच आपल्याला दिसणारी गाठ. तिच्यावर चप्पल घासते, कातडी जाड होते, आत पाण्याची पिशवी तयार होऊन सुजते आणि लाल होते.

सर्वसाधारण समजूत अशी असते की हाड वाढले आहे आणि ते घासून काढले की झाले. खरे तर हाड बहुतांशी वाढलेले नसते, जागेवरून सरकलेले असते. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचे सगळे समजते. लेप लावून, मालिश करून किंवा अंगठा ओढून सरकलेले हाड जागेवर येत नाही. नुसता उंचवटा तासून टाकला तर वाकडेपणा आत तसाच राहतो आणि गाठ पुन्हा दिसू लागते.

हे दुखणे मुळीच दुर्मीळ नाही. जगभरातले अभ्यास एकत्र करून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात १८ ते ६५ वयाच्या सुमारे २३ टक्के लोकांत आणि ६५ वर्षांपुढच्या सुमारे ३६ टक्के लोकांत ते आढळले. बायकांमध्ये प्रमाण सुमारे ३० टक्के, तर पुरुषांमध्ये १३ टक्के होते.

का होते?

पहिले कारण वारसा. आईच्या, आजीच्या पायाला अशी गाठ असेल तर मुलीला होण्याची शक्यता वाढते. गाठ वारशाने येत नाही, पावलाची ठेवण वारशाने येते. सैल सांधे आणि सपाट पाऊल यांचाही संबंध असतो. संधिवाताच्या काही प्रकारांत सांधा आतून खराब होऊन अंगठा वाकतो.

दुसरे कारण पादत्राण. हाँगकाँगमध्ये लॅम सिम-फूक आणि हॉजसन या डॉक्टरांनी बूट घालणाऱ्या आणि अनवाणी राहणाऱ्या चिनी लोकांची पावले तपासली. त्यांचा अभ्यास १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. बूट घालणाऱ्यांपैकी ३३ टक्के लोकांत हे व्यंग होते, तर अनवाणी लोकांत फक्त १.९ टक्के. याचा अर्थ अनवाणी फिरा असा नाही. सोलापूरच्या उन्हात, काचा-खिळ्यांच्या रस्त्यावर आणि मधुमेह असताना तर अजिबात नाही. अर्थ एवढाच की पुढून निमुळते पादत्राण अंगठ्याला वर्षानुवर्षे एका बाजूला दाबत राहते. उंच टाच असली तर शरीराचा भार पुढे येतो आणि दाब आणखी वाढतो.

आपल्या बायका उंच टाचा कुठे घालतात, असे कोणी म्हणेल. पण निमुळत्या ‘बेली’ सगळीकडे आहेत. नर्सेसचे पांढरे बूट, शाळेतल्या मुलींचे काळे बूट, पहारेकऱ्याचे आणि पोलिसांचे बूट हेही पुष्कळदा पुढून अरुंद असतात. मुलीला ‘पुढच्या वर्षीपर्यंत चालवून घे’ म्हणून आखूड झालेले बूट घालायला लावणे हेही त्यातलेच. त्यावर आठ-आठ, बारा-बारा तास उभे राहण्याचे काम. उभे राहिल्यानेच गाठ होते असे म्हणता येत नाही, पण असलेली गाठ दिवसभर उभे राहिल्याने नक्कीच जास्त ठणकते. यंत्रमागाच्या शेडमध्ये, वॉर्डात, चार घरची धुणीभांडी करताना पाय वर घेऊन बसायला कोण देते?

या बाबतीत आपल्या भागाची एक चांगली गोष्ट आहे. सपाट तळाची, पुढून उघडी कोल्हापुरी चप्पल बोटांना मोकळी जागा देते. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे आहेत : कोल्हापूर, सांगली, सातारा आणि आपले सोलापूर. पण ज्यांना गाठ आहे त्यांनी चपलेचा अंगठा आणि पट्टा नेमका गाठीवर घासत नाही ना, हे पाहून घ्यावे. चप्पल शिवणाऱ्या चर्मकार बांधवाला पाऊल दाखवले तर तो पट्टा थोडा मागे-पुढे करून देऊ शकतो.

घरी कशी तपासणी करावी?

संध्याकाळी, पाऊल दिवसभराने थोडे फुगलेले असताना, कोऱ्या कागदावर उभे राहा. बसून नको, भार टाकून उभे राहा. दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिलीने पावलाभोवती रेघ काढायला सांगा. आता रोज वापरायची चप्पल किंवा बूट त्या चित्रावर ठेवा. पावलाची रेघ पादत्राणाच्या बाहेर दिसत असेल तर ते पादत्राण तुमच्यासाठी अरुंद आहे. सर्वांत लांब बोटाच्या पुढे सुमारे एक सेंटिमीटर जागा असावी. मुलींचीही अशी तपासणी दर सहा महिन्यांनी करावी.

प्रत्येक गाठ मात्र हीच असते असे नाही. रात्रीत अचानक अंगठ्याचा सांधा लालभडक होऊन चादरीचा स्पर्शही सहन होत नसेल तर तो गाऊट असू शकतो. त्याला औषध वेगळे आहे. हातापायांचे अनेक सांधे सकाळी आखडत असतील तर संधिवाताची तपासणी हवी. आणि मधुमेह असेल, किंवा पूर्वी कुष्ठरोगामुळे पाऊल बधिर झाले असेल, तर गाठीवरची छोटी जखमसुद्धा धोक्याची. ती दुखत नाही म्हणून थांबू नका. न दुखणारी जखम हीच जास्त भीतीची. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

शस्त्रक्रियेच्या आधी काय करावे?

बऱ्याच जणींचे दुखणे चाकू न लावता सहन होण्याइतके कमी होते. गाठ जात नाही, अंगठा कायमचा सरळ होत नाही, पण दिवस सुखाचा जातो. हे उपाय निदान काही महिने मनापासून करावेत.

पुढून रुंद, मऊ आणि सपाट पादत्राण वापरावे. गाठीवर मऊ गादीची पट्टी लावावी. अंगठा आणि दुसरे बोट यांच्यामध्ये ठेवायचा सिलिकॉनचा तुकडा औषधाच्या दुकानात मिळतो. त्याने घासणे कमी होते. पाऊल सपाट असेल तर चपलेत घालायच्या आधाराचा उपयोग होतो. सूज असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे ठेवावा, पण बधिर पावलावर बर्फ किंवा गरम शेक दोन्ही नको. टॉवेल जमिनीवर पसरून पायाच्या बोटांनी गोळा करण्याचा व्यायाम रोज करावा. स्नायू मजबूत होतात. वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने रोज घेऊ नयेत. मूत्रपिंड, जठर आणि रक्तदाब यांवर त्यांचा परिणाम होतो.

काय करू नये तेही सांगते. गाठीवर बिब्बा लावू नका, कातडी भाजते. कुरूप समजून ब्लेडने कापू नका. हाडवैद्याकडून अंगठा ओढून घेऊ नका. रात्री लावायचा पट्टा दुखणे थोडे कमी करू शकतो, पण ‘तीन महिन्यांत अंगठा सरळ’ असे छापलेले असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

शस्त्रक्रिया कधी करावी?

दुखत असेल तेव्हाच. पादत्राण बदलून आणि बाकीचे उपाय करूनही रोजचे चालणे आणि काम अडत असेल, अंगठा दुसऱ्या बोटावर चढत असेल किंवा त्याखाली जात असेल, गाठीवरची कातडी पुन्हा पुन्हा फाटत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. पाऊल चांगले दिसावे म्हणून, किंवा ‘पुढे वाढेल’ एवढ्याच भीतीने, न दुखणाऱ्या पावलावर शस्त्रक्रिया करू नये. न दुखणारे पाऊल दुखरे होण्याचा धोका उगाच का घ्यायचा?

निर्णयासाठी एक्स-रे लागतो आणि तो उभे राहून काढलेला असावा. झोपून काढलेल्या एक्स-रेमध्ये भार नसतो, त्यामुळे खरा वाकडेपणा कमी दिसतो. डॉक्टर त्यावर कोन मोजतात. अंगठ्याचा कल १५ अंशांपर्यंत असेल तर सर्वसाधारण मानतात. २० पर्यंत सौम्य, २० ते ४० मध्यम आणि ४० च्या पुढे तीव्र. घड्याळाचा मिनिटकाटा अडीच मिनिटांत जेवढा फिरतो तेवढा १५ अंशांचा कोन असतो, आणि सुमारे सात मिनिटांत फिरतो तेवढा ४० अंशांचा. कोन किती, सांधा झिजला आहे का, हाडे ठिसूळ आहेत का, यावरून कोणती पद्धत योग्य ते ठरते.

लहान छेदाची शस्त्रक्रिया कशी करतात?

या व्यंगासाठी आजवर शंभराहून अधिक पद्धती सांगितल्या गेल्या आहेत. नेहमीच्या उघड्या शस्त्रक्रियेत अंगठ्याच्या बाजूला काही सेंटिमीटरचा छेद घेऊन हाड डोळ्यांसमोर आणतात, कापतात, सरकवतात आणि स्क्रूने पक्के करतात.

लहान छेदाच्या पद्धतीतही हेच करतात, फक्त वाट वेगळी. कातडीला तीन ते पाच मिलिमीटरची चार-पाच छिद्रे पाडतात. त्यांतून दातांच्या डॉक्टरांच्या यंत्रासारखे बारीक फिरते टोक आत घालतात. त्याला ‘बर’ म्हणतात. ते हाड कापते. फिरताना ते तापते, म्हणून त्यावर सलाईनचे पाणी सोडत राहतात. डॉक्टरांना हाड प्रत्यक्ष दिसत नसते. सी-आर्म नावाच्या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर पाहत ते काम करतात. कापलेल्या हाडाचा पुढचा भाग जागेवर सरकवून सहसा दोन स्क्रू बसवतात. अंगठ्याच्या हाडातूनही गरजेप्रमाणे पाचरीएवढा तुकडा काढून तो सरळ करतात. स्क्रू बहुधा कायम आत राहतात, टोचू लागले तरच काढतात.

यात दुर्बीण नसते आणि लेसरही नसतो. पित्ताशयाची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होते, म्हणून बायकांना हीही तशीच वाटते. तसे नाही. कुणी ‘लेसरने हाड विरघळवतो’ म्हणत असेल तर तिथून उठून यावे.

भूल बहुधा घोट्याजवळ इंजेक्शन देऊन फक्त पावलाला देतात, किंवा कमरेत देतात. पुष्कळ रुग्णांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात.

ही पद्धत एका दिवसात तयार झालेली नाही. अमेरिकेचे डॉ. आयशम यांच्या पद्धतीत हाड कापून स्क्रूशिवाय फक्त पट्ट्यांनी धरून ठेवत. ऑस्ट्रियाचे डॉ. ब्योश यांनी १९८० च्या दशकात लहान छेदातून हाड कापून तारेने धरण्याची पद्धत वापरली. ती तार काही आठवडे बाहेर राहत असे. पुढे फ्रान्सचे डॉ. व्हर्नुआ आणि ब्रिटनचे डॉ. रेडफर्न यांनी आत स्क्रू बसवण्याची पद्धत रूढ केली. आज जाहिरातीत दिसते ती बहुतेक हीच किंवा हिच्यातून निघालेली. म्हणून डॉक्टरांना ‘तुम्ही तार वापरता की स्क्रू?’ हे जरूर विचारावे.

फायदा खरा किती?

फायदा आहे. व्रण अगदी लहान राहतो, आजूबाजूचे मांस आणि सांध्यावरचे आवरण कमी दुखावते. तुलना करणाऱ्या काही अभ्यासांत पहिल्या काही आठवड्यांत वेदना कमी आढळली.

पण वर्षभरानंतर पाहिले तर चांगल्या हाताने केलेली उघडी शस्त्रक्रिया आणि चांगल्या हाताने केलेली लहान छेदाची शस्त्रक्रिया यांचा निकाल बहुतेक अभ्यासांत जवळपास सारखाच येतो. ब्रिटनमधल्या नाइस या सरकारी संस्थेने २०१० मध्ये या पद्धतीसाठी पुरावा अपुरा असल्याचे सांगून डॉक्टरांना सावधगिरीने वागायला सांगितले होते. त्यानंतर स्क्रूच्या पद्धती आल्या, अभ्यास वाढले आणि विश्वासही वाढला. तरी ही कला हाताला बसायला वेळ लागतो. डॉक्टरांच्या पहिल्या वीस ते चाळीस शस्त्रक्रिया शिकण्याच्या काळातल्या मानल्या जातात. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांचा हात उघड्या पद्धतीत पक्का असेल, तर तीच तुमच्यासाठी चांगली शस्त्रक्रिया असू शकते. तिला जुनी म्हणून नाकारू नका.

धोके कोणते? कोणी थांबावे?

जखमेत पू होणे, अंगठ्याच्या बाजूला बधिरपणा, फिरत्या टोकाने कातडी भाजणे, हाड उशिरा जुळणे किंवा जागेवरून हलणे, सांधा आखडणे, भार शेजारच्या बोटांवर जाऊन तळवा दुखणे, स्क्रू टोचणे आणि काही वर्षांनी व्यंग पुन्हा होणे, हे सगळे होऊ शकते. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका कमी असला तरी असतो. पोटरी दुखून सुजली किंवा एकाएकी दम लागला तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.

साखर ताब्यात नसेल, पायाचा रक्तपुरवठा कमी असेल, पाऊल बधिर असेल किंवा उघडी जखम असेल, तर आधी त्यावर उपचार. आणि तंबाखू. डॉक्टर विचारतात, “तंबाखू खाता का? सिगारेट ओढता का?” आपल्या मावश्या ‘नाही’ म्हणतात आणि खरेच सांगतात असे त्यांना वाटते, कारण मिश्रीला त्या तंबाखू समजत नाहीत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, हाड उशिरा जुळते. शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीपासून हाड जुळेपर्यंत ती बंद हवी. कायमची सुटली तर त्याहून चांगले.

जोडवी शस्त्रक्रियेआधी काढावी लागतात. यात शुभ-अशुभ काही नाही. सुजलेल्या बोटात जोडवे रुतले तर रक्त अडते आणि ते कापून काढावे लागते.

नंतरचे सहा आठवडे

‘त्याच दिवशी चालत घरी’ हे खोटे नाही, पण अर्धे आहे. कडक सपाट तळाचा खास बूट घालून रुग्ण त्याच दिवशी पाय टेकू शकते. ते चालणे संडास-बाथरूमपुरते असते, बाजारापर्यंतचे नसते.

पहिले दोन आठवडे जास्तीत जास्त वेळ पाय उशांवर, छातीच्या पातळीपेक्षा वर ठेवायचा. पाय खाली सोडून बसले की सूज येते आणि सूज आली की दुखते. पट्टी भिजू द्यायची नाही आणि घरी सोडायची नाही, कारण ती नुसती जखम झाकत नाही, अंगठ्याला सरळ धरून ठेवते. साधारण दोन आठवड्यांनी टाके काढतात. खास बूट चार ते सहा आठवडे असतो. सहा आठवड्यांच्या सुमारास एक्स-रे काढून हाड पाहतात. त्यानंतर रुंद बूट. बसून करायचे काम दोन-तीन आठवड्यांनी जमू शकते, उभ्याने करायचे काम बहुधा आठ ते बारा आठवड्यांनी. गाडी चालवणे डॉक्टर ‘हो’ म्हणतील तेव्हाच. सूज तीन ते सहा महिने, कधी वर्षभरही थोडी राहते. त्याला घाबरू नये.

उकिडवे बसून उठताना अंगठ्याच्या सांध्यावर जोर येतो. म्हणून घरात भारतीय पद्धतीचा संडास असेल तर खुर्चीवजा कमोडची सोय आधी करावी. मधले भोक असलेली साधी प्लास्टिकची खुर्चीही चालते.

आता घरच्यांशी बोलते. बाई झोपलेली दिसते, छेद तर राईएवढा दिसतो, मग ‘एवढ्याशाला कशाला दोन महिने?’ असे घरात कोणी म्हणतेच. पाणी भरणे, ओट्याशी उभे राहणे, सासऱ्यांचे जेवण, पोरांचे डबे यांतले काही थांबत नाही, आणि ती तिसऱ्या दिवशी उठते. कापलेले हाड हलते ते असेच. म्हणून तारीख घेण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसावे. पाणी कोण भरेल, स्वयंपाक कोण करेल, धाकट्याला शाळेत कोण सोडेल, हे नावानिशी ठरवावे. नवऱ्याने आणि मुलांनी ही कामे घेणे म्हणजे मदत नव्हे, तो उपचाराचाच भाग आहे. चार घरी काम करणाऱ्या भगिनीने बदली बाई आधी पाहून ठेवावी, म्हणजे घर सुटत नाही. दोन्ही पाय एकाच वेळी करणारे डॉक्टरही आहेत, पण हाताशी माणूस नसेल तर एकेक पाय करावा. एवढी सोय होत नसेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकला. हे दुखणे सहसा घाईचे नसते.

पैसा आणि सोयी

तपासणीसाठी थेट मोठ्या खर्चात पडायची गरज नाही. आपल्या सिव्हिलमध्ये, म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, केसपेपर काढून अस्थिरोग विभागात दाखवता येते. एक्स-रे आणि सल्ला मिळाला की पुढचा निर्णय शांतपणे घेता येतो.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कोणत्या शस्त्रक्रिया बसतात याची यादी ठरलेली असते. तुमच्या कागदावर लिहिलेली शस्त्रक्रिया त्यात बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारावे. रेशन कार्ड आणि आधार सोबत न्यावे. खाजगीत जाणार असाल तर ‘पॅकेज’मध्ये स्क्रू, भूल, खास बूट, नंतरच्या पट्ट्या आणि एक्स-रे धरले आहेत का, हे लिहून घ्यावे.

ज्यांच्या पगारातून ईएसआय कापला जातो त्यांना उपचाराबरोबर आजारपणाचा भत्ताही मिळू शकतो. वर्षात ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के. त्यासाठी ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते आणि ईएसआयच्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. कारखान्यातल्या भगिनींनी आपली वर्गणी खरोखर जमा होते का, हे आजारी पडण्याआधीच पाहून घ्यावे. घरकाम करणाऱ्यांना हा आधार नाही. त्यांच्या बचतगटाने अशा वेळी कर्जाचा हप्ता दोन महिने पुढे ढकलला तरी मोठा आधार होतो.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

हे प्रश्न कागदावर लिहून सोबत न्या. विचारायला लाजू नका. पाऊल तुमचे आहे.

१. माझा कोन किती आहे? सांधा झिजला आहे का?
२. शस्त्रक्रिया न करता आणखी काय करता येईल?
३. माझ्यासाठी हीच पद्धत का? उघडी का नको?
४. तुम्ही या पद्धतीने किती शस्त्रक्रिया केल्या आहेत? त्यांतल्या किती पुन्हा कराव्या लागल्या?
५. तार की स्क्रू? नंतर काढावे लागतील का?
६. माझे काम उभ्याचे आहे. मी नक्की कधी कामावर जाऊ शकेन?
७. काही बिघडले तर रात्री कुणाला फोन करायचा?
८. सगळा मिळून खर्च किती? योजनेत बसते का?

या प्रश्नांना शांतपणे उत्तर देणारे डॉक्टर पुष्कळ आहेत. ‘आजच पैसे भरा, सवलत उद्या संपेल’ असे कुणी म्हणाले तर घरी या आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या.

कष्ट करणाऱ्या बाईची रोजी तिच्या पावलांवर उभी असते. ‘दुखतंय, पण चालतंय’ म्हणत वर्षे काढू नयेत आणि जाहिरात पाहून घाईही करू नये. आधी रुंद चप्पल आणि मऊ पट्टी, मग उभ्याने एक्स-रे आणि नीट सल्ला, आणि गरज पडलीच तर घरच्यांनी वाटून घेतलेल्या कामासह सहा आठवड्यांची पूर्ण विश्रांती. या क्रमाने गेले तर लहान छेदाचा खरा फायदा पदरात पडेल. या आठवड्यात निदान कागदावर पाऊल काढायची तपासणी घरातल्या प्रत्येकीची करा, आणि सुरुवात घरातल्या सर्वांत धाकट्या मुलीच्या शाळेच्या बुटापासून करा.